ट्रॉली ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो? क्राउन-पिनियन बदलण्याआधी काय काय तपासायचं

लक्षणं

गाडी रिकामी असली की काहीच तक्रार नसते. मागे जनरेटरची ट्रॉली, फूड ट्रेलर किंवा कम्प्रेसर लागला, नागपूरहून सिवनीच्या रस्त्याला कन्हान-मनसर मागे पडलं, की गाडीची चाल बदलते. सपाट रस्त्यावरही गिअर सारखा वरखाली होतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की इंजिनचा आवाज चढतो, वेग मात्र तेवढाच. खवासा ओलांडून कुरई घाटाचा चढ लागला की गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा पेटतो, नाहीतर गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते. थांबून खाली वाकलं तर जळक्या तेलाचा उग्र वास. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की पुन्हा नीट चालते, आणि इथेच फसगत होते. दिवा विझला म्हणजे बिघाड गेला असं समजून माणूस पुढे निघतो.

मागच्या ॲक्सलची लक्षणं वेगळी. ६०-७० च्या वेगाला हौसिंगमधून, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गोल डब्यातून, घुंऽऽ असा एकसुरी आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलतो. हौसिंगच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसतो, किंवा मागच्या एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल उतरलेलं असतं.

लग्नसराई आणि ऊन एकत्र येतं तेव्हा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आमच्या नागपूरच्या गॅरेजमध्ये अशा पिकअप आणि एसयूव्ही येतच राहतात. येणारा बहुतेक वेळा ठरवूनच येतो: ‘भाऊ, क्राउन-पिनियन बदलून द्या, नाहीतर मोठा कूलर लावून द्या.’ क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, आणि कूलर म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी जाळी. ही दोन्ही कामं मी करतो. पण खरं सांगतो, बहुतेक गाड्यांना दोन्हींपैकी एकही लागत नाही. म्हणून खाली तपासण्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत ज्या क्रमाने मी स्वतः करतो: आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि क्राउन-पिनियन अगदी शेवटी.

उष्णता येते कुठून

अशा गाड्यांच्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेल ताकद पोचवतं. इंजिनकडची बाजू जोरात फिरते, गिअरबॉक्सकडची थोडी मागे राहते. हा जो फरक आहे, म्हणजे स्लिप, त्याची सगळी उष्णता होऊन तेलात उतरते. गाडी एका चालीत आली की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू एकत्र पकडतो, स्लिप जवळजवळ शून्यावर येते आणि तेल थंड व्हायला लागतं.

मागे ट्रॉली असली की भार वाढतो, लॉकअप सुटतो, गिअर खाली येतो. वेग थोडा वाढला की पुन्हा वरचा गिअर, पुन्हा लॉकअप, पुन्हा भार, पुन्हा सुटला. हे तासभर चाललं की तेल उकळायच्या वाटेला लागणारच.

म्हणून प्रत्येक गाडीसाठी प्रश्न दोनच. उष्णता प्रमाणाबाहेर तयार होतेय, की तयार झालेली बाहेर जात नाहीय? कूलर हा दुसऱ्या प्रश्नाचा इलाज आहे, क्राउन-पिनियन पहिल्याचा. प्रश्न कोणता आहे हे न पाहता इलाज केला तर पैसे जातात आणि तक्रार तिथेच राहते.

तापमानाचे आकडे लक्षात ठेवा. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसला आरामात असतं. घाटात थोडा वेळ १०५-११० झालं तर घाबरू नका. ११५ च्या पुढे तेलाचा चिकट थर आतल्या भागांवर बसायला लागतो, १२५ च्या पुढे रबरी सील कडक होतात, १४५ च्या आसपास गिअरबॉक्सच्या आत गिअर बदलणाऱ्या क्लच प्लेटा जळतात. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडी तपासायचं सॉकेट) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याच गाड्यांमध्ये हे तापमान मोबाईलवर दाखवतो. तुमच्या गाडीत तो आकडा येत असेल तर आधी तेवढं घ्या. डॅशबोर्डवरच्या दिव्याची वाट पाहू नका, तो खूप उशिरा लागतो.

रस्त्यातच दिवा लागला तर

कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना गुटके लावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू ठेवा. लगेच बंद करू नका. इंजिन चालू असेल तरच गिअरबॉक्सचा पंप तेल कूलरमधून फिरवतो, बंद केलं की तापलेलं तेल आतच बसून राहतं. ‘डी’ मध्ये ब्रेक दाबून तर मुळीच उभे राहू नका, कारण तेव्हा कन्व्हर्टरमध्ये नुसती उष्णता तयार होत असते. इंजिनचं पाणीही उकळत असेल किंवा खाली तेल गळताना दिसत असेल तर मात्र इंजिन तात्काळ बंद करा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

पहिली तपासणी: वजन आणि ट्रॉली

गाडीला हात लावण्याआधी धर्मकाट्यावर जा. आधी गाडी आणि ट्रॉली मिळून वजन करा, मग ट्रॉली सोडवून एकटीचं करा. वाडी आणि कळमन्याकडे काट्यांना तोटा नाही. ‘एक टनच आहे’ असं सांगितलेली ट्रॉली काट्यावर दीड टनाच्या पुढे जाताना मी नेहमी पाहतो, कारण जनरेटरसोबत डिझेलची टाकी, केबलचे रोल, लोखंडी घोडे आणि वर बसलेली पोरं कोणी धरलेलीच नसतात. गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाची आणि गाडी-ट्रॉली मिळून एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली असेल तर पुढे वाचू नका, माल दोन फेऱ्यांत न्या. जास्त वजनावर कोणताही गिअर आणि कोणताही कूलर हा खरा इलाज नाही.

हुकावर येणारा भार ट्रॉलीच्या वजनाच्या साधारण दहा टक्के असावा. फार कमी असला तर ट्रॉली मागून डोलते, फार जास्त असला तर गाडीचं मागचं अंग बसतं.

आता ट्रॉलीची चाकं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक हबजवळ हात न्या, टेकवू नका. दोन चाकांत स्पष्ट फरक जाणवला तर गरम चाकाचा ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग कोरडं आहे. अडकलेला ब्रेक ओढत ओढत शंभर किलोमीटर जायचं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स दिवसभर चढ चढत असल्यासारखे राबतात. चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा, सुटं फिरलं पाहिजे. टायरची हवा थंड असताना बघा. ट्रॉली महिनोन्‌महिने उभी असते, हवा कोणी पाहत नाही, आणि बसलेला टायर ओढायला जड जातो.

दुसरी तपासणी: चालवण्याची पद्धत

याला एक रुपया लागत नाही आणि याने सुटलेल्या तक्रारी सगळ्यात जास्त आहेत.

गिअर वरखाली होत असेल तर तो थांबवणं तुमच्या हातात आहे. टो मोड, म्हणजे ओढण्यासाठीची सेटिंग, असेल तर लावा. ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करायचं बटण असेल तर बंद करा. दोन्ही नसतील तर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन गाडी अशा गिअरमध्ये धरा की आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) स्थिर राहील आणि लॉकअप टिकेल. इंजिन थोडं जास्त फिरेल, डिझेल थोडं जास्त जाईल, तेल मात्र थंड राहील. ‘आवाज वाढला म्हणजे गाडीवर जोर पडतोय’ ही समजूत ऑटोमॅटिकला फार महागात पडते. स्थिर २३०० आरपीएमवर चालणारा गिअरबॉक्स १५०० वर धडपडणाऱ्यापेक्षा कितीतरी थंड असतो.

वेगाचंही तसंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, पण हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. समृद्धीवर शिवमडक्याहून चढलं की रस्ता इतका सरळ आणि मोकळा आहे की काटा आपोआप शंभरावर जातो. उंच पेटीचा फूड ट्रेलर मागे असेल तर ८० च्या वर नेऊ नका.

घाटात उतरतानाही गिअर खाली ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. आणि मे महिन्यात लांबचं भाडं असेल तर पहाटे चारला निघा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशाची नोंद झाली होती, पण पंचेचाळीस तर दर वर्षीचंच. हिशोब साधा आहे: तेल १०० अंशावर आणि बाहेर डिसेंबरातले १५ अंश असतील तर कूलरला ८५ अंशांचा फरक मिळतो, मेमध्ये ४५ असतील तर फक्त ५५ चा. तोच कूलर उन्हाळ्यात एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. थंडीत नीट चालणारी गाडी मेमध्ये तापते याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिसरी तपासणी: हवेची वाट

समोरून पाहिलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण तुम्हाला दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे असतो आणि कचरा या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत साचतो. टॉर्च घ्या, वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा आणि वरून त्या फटीत पाहा.

आपल्याकडे या फटीत काय काय निघतं ते बाहेरच्या माणसाला पटणार नाही. हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांमागे धावल्याने उडालेली रुई, सोयाबीनचं भूस, एप्रिलमध्ये सावरीच्या बोंडांतून सुटलेला कापूस, त्यावर रस्त्याची धूळ, आणि पहिल्या पावसात हे सगळं भिजून घट्ट बसलेलं. वर्षभर न धुतलेल्या गाडीतून मी अक्षरशः गोधडीसारखा थर हाताने सोलून काढला आहे. इंजिनचं तापमान तरीही काट्यावर मध्येच दिसतं, कारण इंजिनच्या कूलिंगमध्ये बरीच राखीव ताकद असते. गिअरबॉक्सच्या कूलरला तेवढी नसते. तो आधी हार मानतो.

धुताना पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरने पातळ पत्र्याच्या पाकळ्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. रुई ओली झाली की चिकटते, म्हणून आधी कोरडी असताना मऊ ब्रशने ओढून काढा, पाणी नंतर.

मग पंखा. इंजिनला जोडलेला पंखा असेल तर इंजिन बंद करून हाताने फिरवा. गरम इंजिनवर तो अगदी मोकळा गरगर फिरत असेल तर त्याला इंजिनशी जोडणारा फॅन क्लच गेलाय. इलेक्ट्रिक पंख्याजवळ चावी काढल्याशिवाय हात नेऊ नका, तो कधीही सुरू होऊ शकतो. चावी काढली, की मग पाती आणि वायर पाहा.

चौथी तपासणी: ब्रेक लाइटचा स्विच

हे बारीकसं आहे, पण गाड्या परत पाठवताना सगळ्यात समाधान मला याचंच वाटतं.

ब्रेक दाबला की बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये लॉकअप सुटतो, तशी रचनाच असते. गिअरबॉक्सच्या कम्प्युटरला ब्रेक दाबल्याचं कळतं ते ब्रेक लाइटच्या स्विचवरून. हा स्विच अडकला, किंवा ट्रॉलीचे लाइट जोडताना कोणी वायर चुकीच्या जागी खोचली आणि करंट उलटा फिरून आला, तर कम्प्युटरला वाटतं ड्रायव्हरचा पाय सतत ब्रेकवरच आहे. लॉकअप लागतच नाही. कन्व्हर्टर पूर्ण रस्ताभर स्लिप होत राहतो आणि तेल तापतं.

तपासायला दोघं लागतात. ट्रॉली जोडा, दिवे लावा, इंडिकेटर लावा. दुसऱ्याने मागे उभं राहून पाहायचं: पाय ब्रेकवर नसताना गाडीचा किंवा ट्रॉलीचा ब्रेक लाइट मंदसुद्धा लागतोय का? इंडिकेटरसोबत लुकलुकतोय का? मंद जरी लागला तरी वायरिंग चुकलंय. ट्रॉलीचा प्लग काढून पुन्हा पाहा. प्लग काढल्यावर ठीक असेल तर दोष ट्रॉलीत, तरीही लागत असेल तर स्विचमध्ये. असा दोष असेल तर सोबत बहुतेक वेळा क्रूझ कंट्रोलही चालत नाही.

लॉकअप खरंच लागतोय का, हे मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना कळतं. सत्तरच्या स्थिर वेगाला ॲक्सिलरेटर किंचित दाबा. लॉकअप असेल तर आरपीएम वेगासोबत हळू चढेल. आरपीएम आधी झटकन चढला आणि वेग मागून आला तर लॉकअप नाही.

पाचवी तपासणी: तेल

डिपस्टिक असेल तर पुस्तकात लिहिलेल्या पद्धतीने, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि तेल गरम असताना, पातळी पाहा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात. जास्त असेल तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात आणि फेसाळ तेल दाब धरत नाही. दोन्हीचा शेवट तापण्यातच होतो.

बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. गाडी लेव्हलवर उचलून, तेल ठरावीक तापमानाला आणून, खालचा प्लग उघडून पातळी पाहावी लागते. स्कॅनर नसेल तर हे घरी करू नका, अंदाजपंचे भरलेलं तेल कमी तेलाइतकंच वाईट.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब पसरून लालसर किंवा हलका तपकिरी डाग पडला आणि वास नसेल तर तेल ठीक. गडद तपकिरी, मध्ये काळा ठिपका, जळका वास असेल तर तेल संपलंय. गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकच्या रंगाचं तेल दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, एक किलोमीटरही चालवू नका. रेडिएटरच्या टाकीतला तेलाचा कूलर आतून फुटून कूलंट (रेडिएटरचं पाणी) तेलात मिसळलंय. पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटतं. इथून पुढे काम फक्त ऑटोमॅटिक उघडणाऱ्या कारागिराचं.

तेल बदलायचं असेल तर पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं दुकानदार म्हणाला तरी नाही. गाडी नेहमी ट्रॉली ओढत असेल तर कंपनीने ‘अवघड वापर’ म्हणून जो कमी अंतराचा हिशोब दिलाय तो धरा. पॅन उघडला तर चुंबक पाहा: राखाडी, लोण्यासारखा बारीक चिखल चालतो, चमकणारे कण किंवा तुकडे चालत नाहीत. तुकडे निघाले की पुढच्या कोणत्याही तपासणीला अर्थ नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

सहावी तपासणी: जादा कूलर

वरचं सगळं ठीक आहे, वजन मर्यादेत आहे, तरी तेल ११० च्या पुढे जातंय. आता कूलरचा विचार करा. कंपनीचा कूलर अनेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत असतो, म्हणजे तो तेल थंड करतो कूलंटने, आणि कूलंट स्वतः नव्वदच्या आसपास असतं. तेल त्याच्या खाली फारसं आणता येत नाही. हवेने थंड होणारा जादा कूलर त्याच्यानंतर, परतीच्या नळीवर लावायचा: गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग जादा कूलर, मग परत गिअरबॉक्स. असं केलं की उरलेली उष्णता हवेत जाते.

पट्ट्या एकावर एक रचलेला प्रकार घ्या, वाकड्या नळीचा स्वस्त कूलर आपल्या उन्हाला पुरत नाही. नळी एटीएफसाठीचीच हवी. साधी डिझेलची नळी गरम तेलाने फुगते आणि निसटते, आणि परतीची नळी निसटली तर थोड्याच वेळात गिअरबॉक्स कोरडा होतो. कूलर प्लास्टिकच्या पट्टीने रेडिएटरच्या आरपार बांधू नका, हादऱ्यांनी तो पाकळ्या घासून भोक पाडतो. पत्र्याचा ब्रॅकेट करून घ्या.

हाताला सवय असेल तर हे काम स्वतः करता येतं. नसेल तर एका दिवसाचं काम आहे, गॅरेजमध्ये द्या.

सातवी तपासणी: टायर आणि रेशो

इथवर आलेल्यांपैकी बहुतेकांचं खरं दुखणं इथे सापडतं.

गाडी घेतली तेव्हा २४५/७० आर १६ टायर होते. शोभेसाठी २६५/७५ आर १६ घातले. पहिल्याचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८०४. टायर सात टक्के उंच झाला. मागच्या ॲक्सलचा रेशो ४.१० असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे, तर तो आता ३.८२ असल्यासारखा वागतो. ८० च्या वेगाला वरच्या ०.७ च्या गिअरमध्ये इंजिन आधी १६२५ च्या आसपास फिरत होतं, आता १५१५ वर आलं. रिकाम्या गाडीला हे कळतही नाही. मागे दीड टन लावलं की मात्र इंजिन त्याच्या ताकदीच्या पट्ट्याखाली जातं, गिअर खाली येतो, आणि वर सांगितलेलं वरखाली सुरू होतं. शिवाय मोठा टायर जड असतो, ब्रेकलाही जास्त काम पडतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: आधी कंपनीच्या मापाचे टायर परत घाला. क्राउन-पिनियन बदलण्याच्या मानाने ते स्वस्त आहे, आणि उद्या नको वाटलं तर परत बदलता येतं.

टायर मूळ मापाचेच आहेत, तरी गाडी वरचा गिअर कधीच धरत नाही आणि वर्षातले बहुतेक दिवस ट्रॉली ओढायचीच आहे, तर मग रेशो. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ आणि १० दात असतील तर ४.१०, ४१ आणि ९ असतील तर ४.५६. ४.१० वरून ४.५६ वर गेलात तर चाकावरची ओढ प्रत्येक गिअरमध्ये ११ टक्के वाढते, आणि त्याच वेगाला इंजिनही ११ टक्के जास्त फिरतं. गिअरबॉक्सला त्याच चाकासाठी कमी जोर लावावा लागतो, लॉकअप टिकतो, उष्णता मुळातच कमी तयार होते. पण रिकाम्या गाडीत हायवेवर आवाज आणि डिझेल दोन्ही वाढतं, ते कायमचं.

सध्याचा रेशो माहीत नसेल तर असा काढा. गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना गुटके लावा, मागचं एकच चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड द्या, न्यूट्रलमध्ये टाका. वर घेतलेलं चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणारा दांडा) खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार फेरे आणि थोडं वर म्हणजे ४.१० च्या आसपास, साडेचार म्हणजे ४.५६ च्या. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवणारं) असेल तर दुसरं चाक टेकलेलं असताना हे जमणार नाही.

याच वेळी हौसिंगचं तेलही पाहून घ्या. पातळी प्लगच्या तोंडापर्यंत हवी. वर छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायचं तोंड, असतो. काळ्या मातीच्या रस्त्यांनी तो चिखलाने बुजतो, आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येऊन ब्रेकवर उतरतं. सील बदलून बदलून थकलेल्या गाड्या मी नुसता ब्रीदर साफ करून परत पाठवल्या आहेत.

मॅन्युअल गाडीवाल्यांसाठी थोडक्यात: तुमच्याकडे कन्व्हर्टर नाही, त्यामुळे तापते ती क्लच प्लेट. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. ट्रॉली असताना पाचव्याऐवजी चौथा वापरा. बहुतेक मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चौथा डायरेक्ट असतो, ताकद दात्यांमधून न फिरता सरळ शाफ्टने जाते आणि गिअरबॉक्सही थंड राहतो. रेशोचा हिशोब मात्र तुम्हालाही तसाच्या तसा लागू आहे.

इथे स्वतः थांबायचं

क्राउन-पिनियन घरी बदलायचं काम नाही. व्हिडिओ पाहून कोणी करत असेल तर करू द्या, तुम्ही करू नका. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार झालेली असते, दोन्हींवर जुळणारा नंबर असतो. एका गाडीचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवला की तो ओरडणारच. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) ठरते, बेअरिंगचा प्रीलोड (कसताना दिलेला ताण) मोजून द्यावा लागतो, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर पाहावा लागतो. पुष्कळ हलक्या गाड्यांत तो ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्यायचा.

कारागीर चांगला की नाही हे ओळखायची एक खूण सांगतो. तो क्राउनच्या तीन-चार दातांवर पिवळा रंग लावतो, दोन्ही दिशांनी फिरवतो आणि तुम्हाला बोलावून दाखवतो. रंग पुसला गेलेला डाग दाताच्या मधोमध, लांबट, कडेला न लागणारा हवा. डाग दाताच्या टोकाशी किंवा मुळाशी असेल तर चांगला माणूस सगळं पुन्हा उघडतो, शिम बदलतो, पुन्हा रंग लावतो. याला दिवस जातो. दोन तासांत ‘झालं भाऊ’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

त्याला आधीच तीन गोष्टी विचारा. बेअरिंग, सील आणि क्रश स्लीव्ह (पिनियन कसताना दबणारी नळी) नवीन घालणार का? गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा करणार का? एकच बदलला तर फोर व्हीलमध्ये टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) तुटतो. आणि रेशो बदलल्यावर कम्प्युटरला नवा आकडा कोण देणार? तो दिला नाही तर स्पीडोमीटर चुकतो किंवा गिअर चुकीच्या वेळी पडतो आणि दिवा लागतो.

कामाला हात घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीशी बोलून घ्या, पासिंग एमएच-३१ चं असो, ४० चं की ४९ चं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते. वॉरंटीत असलेल्या गाडीला हात लावू नका.

नवी जोडी बसल्यावर पहिले वीस-तीस किलोमीटर हळू चालवा आणि हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीन वेळा करा. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात, तेव्हा भार दिला तर त्यांचा कडकपणा जातो. पहिले ८०० किलोमीटर ट्रॉली जोडायची नाही. त्यानंतर हौसिंगचं तेल पूर्ण काढून नवं भरा, जीएल-५ दर्जाचं, आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर ओढायच्या कामासाठी ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक. जुनं तेल काढताना प्लगचं चुंबक फडक्याने पुसून उजेडात पाहा. राखाडी पेस्ट असेल तर अर्ध्या वजनाची ट्रॉली जोडून हिंगण्यापर्यंत एक फेरी मारा आणि मोबाईलवर एटीएफचं तापमान पाहत राहा. नखात धरता येईल असा तुकडा निघाला तर ट्रॉली जोडू नका, गाडी बसवणाऱ्याकडेच परत न्या आणि हौसिंग त्याला तुमच्यासमोर उघडायला सांगा.